जोडचाकातली हवा जाते कुठे?

मालमोटारीच्या मागच्या आसावर प्रत्येक बाजूला दोन टायर एकमेकांना लागून बसवलेले असतात. रस्त्यावरून जाणाऱ्याच्या नजरेस पडतो तो बाहेरचा. आतला टायर एका बाजूने बाहेरच्या टायरने आणि दुसऱ्या बाजूने ब्रेकचा ड्रम व पाटे यांनी असा झाकलेला असतो, की त्याच्यातली हवा निम्म्यावर आली तरी मोटार झुकत नाही आणि चालकाच्या हाताला स्टिअरिंगमध्ये काही जाणवतही नाही. शेजारचा टायर निमूटपणे दुप्पट भार उचलत राहतो. या आतल्या टायरची हवा पुन्हा पुन्हा जाणे ही वाहतूक व्यवसायातील एक जुनी आणि खर्चिक डोकेदुखी आहे. चाक खोलले जाते, ट्यूब पाण्याच्या टाकीत बुडवली जाते, बुडबुडा दिसत नाही, ट्यूब जशीच्या तशी परत बसते आणि आठवड्याने तीच मोटार त्याच तक्रारीसह त्याच दुकानासमोर उभी राहते. याचे कारण बहुतेक वेळा सरळ असते. हवा जाते ती पंक्चरमधून नव्हे, आणि शोध मात्र पंक्चरचाच घेतला जातो.

प्रश्न किती गंभीर आहे हे समजण्यासाठी थोडे गणित पुरेसे आहे. केंद्र सरकारने जुलै २०१८ मध्ये चार टायरांच्या एकेरी आसाची भारमर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली. म्हणजे प्रत्येक टायरच्या वाट्याला सुमारे २,८७५ किलो येतात. मालमोटारीच्या टायरच्या बाजूवर १४६/१४३ यासारखे आकडे कोरलेले असतात. त्यांपैकी पहिला आकडा टायर एकटा असताना पेलू शकणाऱ्या भाराचा, म्हणजे ३,००० किलोंचा निर्देशांक असतो. दुसरा जोडीत असतानाच्या भाराचा, म्हणजे २,७२५ किलोंचा. जोडीतल्या टायरला उत्पादकच कमी भार देतो, कारण जोडीतला भार कधीच अगदी समान वाटला जात नाही. अर्थात, नव्या मर्यादेपर्यंत माल भरणाऱ्या मोटारीला या निर्देशांकाचा टायर पुरत नाही, त्याहून वरच्या क्षमतेचा लागतो. आतला टायर बसला की बाहेरच्यावर पावणेसहा टनांचा भार येतो. आणि हा हिशेब नियमात राहून माल भरणाऱ्या मोटारीचा झाला. उसाच्या हंगामात रस्त्यावर दिसणाऱ्या मोटारींचा हिशेब ज्याने त्याने करावा.

वेरूळचा रस्ता

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळकडे जाणारा रस्ता या विषयाचा नमुनाच म्हणता येईल. पूर्वीचा २११ आणि आताचा ५२ क्रमांकाचा सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्ग या पट्ट्यातून कन्नडकडे आणि पुढे औट्रम घाटातून चाळीसगावकडे उतरतो. जुना रस्ता दौलताबाद आणि खुलताबादचे पठार चढून वेरूळला खाली येतो. अवघ्या तीस किलोमीटरांत चढ, उतार, ब्रेकचा वापर आणि पुन्हा सपाटी असे सारे काही येते. औट्रम घाटातील सततच्या कोंडीमुळे आणि अपघातांमुळे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ऑगस्ट २०२३ मध्ये तेथून जड वाहनांना मनाई केली, तेव्हा ही वाहतूक वेरूळच्या अलीकडच्या कसाबखेड्याहून देवगाव रंगारी, शिऊर बंगला, नांदगाव अशी वळवण्यात आली. घाट टळला, पण अंतर वाढले आणि त्याबरोबर टायरांचे फिरणेही.

या परिसराचा दगड हाही टायरांच्या दृष्टीने दखल घेण्याजोगा आहे. ज्या काळ्या पाषाणात वेरूळची लेणी कोरली गेली, त्याच बेसॉल्टची खडी येथल्या रस्त्यांवर पडते. तो फुटतो तेव्हा त्याला धार येते. बाजूपट्टीवर उतरलेल्या मोटारीच्या जोडचाकांमध्ये असा एखादा दगड अडकला, की दर फेऱ्याला तो दोन्ही टायरांच्या बगला कापत राहतो. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. टायर खोलल्यावर आतल्या भिंतीवर गोलाकार चर आढळतो. दोन टायरांच्या मधल्या फटीत बॅटरीचा झोत टाकून पाहणे हा दोन मिनिटांचा उपाय आहे आणि तोच सर्वांत अधिक टाळला जातो. दगड आढळल्यास तो पहारीने हुसकून काढण्यापूर्वी हवा कमी करावी लागते, नाहीतर काढतानाच बगल फाटते.

आधी मोजमाप, मग पाना

हवा खरोखर जाते का, हे आधी ठरवावे लागते. टामीने टायर ठोकून आवाजावरून अंदाज घेण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. पूर्ण बसलेला टायर तिने ओळखता येतो, हे खरे. परंतु शंभर पौंडांचा टायर आणि पंचाहत्तर पौंडांचा टायर यांचा आवाज कसलेल्या कानालाही वेगळा लागत नाही, आणि नुकसान नेमके याच पंचवीस पौंडांत होते. नेमून दिलेल्या दाबापेक्षा वीस टक्के कमी हवेवर धावलेला टायर हा बसलेल्या अवस्थेतच धावला असे समजावे, असा या उद्योगातला संकेत आहे.

गेज वापरतानाही एक चकवा आहे. तापमान बदलले की बंद टायरमधला दाब बदलतो. शंभर पौंडांच्या टायरमध्ये दहा अंश सेल्सियसच्या फरकाने सुमारे चार पौंडांचा फरक पडतो. मराठवाड्यात हिवाळ्याच्या दिवसांत पहाट आणि दुपार यांच्यात पंधरा-वीस अंशांचे अंतर सहज असते. दुपारी, तेही धावून तापलेल्या टायरमध्ये, गेज पाहून हवा भरलेली मोटार पहाटे 'दहा पौंड उतरली' असे वाटते. गळती मात्र कुठेच नसते. याच्या उलट प्रकार अधिक घातक. तापलेल्या टायरचा दाब वाढलेला पाहून चालक हवा सोडतो आणि थंड झाल्यावर टायर कमी हवेचा राहतो. म्हणून नोंद पहाटेची, मोटार रात्रभर उभी असतानाची, आणि रोज त्याच गेजने घेतलेली असावी.

चार दिवसांची अशी नोंद हातात आली की अर्धे निदान झालेले असते. उभ्या मोटारीत रात्रभरात हवा जात असेल तर संशय व्हॉल्व्ह, ट्यूब किंवा ट्यूबलेस टायरच्या रिमवर. उभी असताना हवा टिकते आणि फेरीनंतरच उतरते, तर कारण चाकाच्या फिरण्यात किंवा तापण्यात शोधावे लागते. दोन्ही टायर सारख्याच प्रमाणात उतरत असतील, तर दोष बहुधा गेजचा किंवा भरण्याच्या वेळेचा.

मार्गातही मोजमाप करता येते. शहरातून थंड टायरांनी निघालेली मोटार वेरूळला पोहोचेपर्यंत चारही मागचे टायर तापून त्यांचा दाब चढलेला असतो. तो चौघांचा साधारण सारखाच चढायला हवा. एकाच टायरचा दाब इतरांपेक्षा कमी असला तर हवा चालत्या गाडीतच जात आहे. एकाच चाकाची जोडी जास्त तापली असेल तर दोष टायरचा नसून त्या चाकाच्या ब्रेकचा किंवा बेअरिंगचा असण्याची शक्यता मोठी.

व्हॉल्व्ह आणि त्याची नळी

आतल्या टायरची हवा जाण्याचे सर्वांत सामान्य कारण सर्वांत क्षुल्लकही आहे. त्याचा व्हॉल्व्ह चाकाच्या तबकडीमागे असतो. तिथे हात पोहोचत नाही म्हणून त्याला एक जोडनळी लावून तोंड बाहेर आणलेले असते. ही नळी सोयीची, पण तिच्यामुळे गळतीच्या जागा एकावरून तीन होतात. काही प्रकारच्या नळ्या बसवल्या की त्या व्हॉल्व्हच्या आतल्या पिनेला कायम दाबून ठेवतात. मग हवा अडवण्याचे काम पिन करतच नाही, ते नळीच्या वॉशरवर आणि टोकाच्या टोपणावर येऊन पडते. वॉशर उन्हाने आणि ब्रेकच्या उष्णतेने कडक होतो, नळी तबकडीच्या छिद्राच्या कडेला घासते, खड्ड्यांच्या हादऱ्यांनी आटे सैल होतात. फिरताना नळी बाहेर खेचली जाते आणि फट उघडते, उभे राहिल्यावर ती मिटते. दुकानात ट्यूब पाण्यात बुडवली जाते तेव्हा ही नळी काढून बाजूला ठेवलेली असते. बुडबुडा न दिसण्याचे रहस्य एवढेच.

तपासणी चाक न खोलता होते. नळी जागेवर असतानाच साबणाचे पाणी आधी टोकाला, मग मधल्या जोडावर, मग व्हॉल्व्हच्या बुडाशी ब्रशने लावावे आणि नळी हलक्या हाताने इकडेतिकडे वाकवून पाहावी. फेस फुगला की जागा सापडली. पिन बदलणे, नळी बदलणे किंवा ती क्लिपने घट्ट बांधणे याला खर्च किरकोळ येतो. धातूचे, आत रबरी चकती असलेले टोपण हेही शोभेचे नसते. पिन गळू लागल्यास हवा अडवणारे ते शेवटचे दार असते. आणि जोडी बसवताना दोन्ही टायरांचे व्हॉल्व्ह समोरासमोर, म्हणजे अर्ध्या वर्तुळाच्या अंतरावर ठेवले, तर आतल्या व्हॉल्व्हपर्यंत गेज पोहोचते. हे न पाळल्यामुळे कित्येक मोटारींच्या आतल्या टायरांचा दाब महिनोन् महिने मोजलाच जात नाही.

ट्यूब काय सांगते

व्हॉल्व्ह निर्दोष ठरला तरच चाक उतरवावे. इथे एक साधी युक्ती आहे, जी चांगले कारागीर पाळतात आणि घाईतले विसरतात. टायर रिमवरून काढण्यापूर्वी व्हॉल्व्हसमोर टायरवर खडूची खूण करावी आणि कोणती बाजू बाहेर होती तेही लिहून ठेवावे. ट्यूबमध्ये छिद्र सापडले की व्हॉल्व्हपासूनचे त्याचे अंतर मोजावे आणि टायरमध्ये नेमक्या त्याच जागी हात फिरवावा. खिळा पडून गेला तरी रेडियल टायरमधली तुटलेली पोलादी तार किंवा नायलॉन टायरमधला उकललेला धागा तिथे टोचत असतो. ठिगळ लावून तीच ट्यूब तशीच बसवली, तर नवे छिद्र जुन्याशेजारी पडणारच.

छिद्राची जागा बोलकी असते. रस्त्याच्या बाजूला असेल तर कारण बाहेरचे. रिमच्या बाजूला असेल तर फ्लॅप, म्हणजे ट्यूब आणि रिम यांच्यामधली रबरी पट्टी, चुकीच्या मापाची, दुमडलेली किंवा जळून कडक झालेली आहे. व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटले असेल आणि व्हॉल्व्ह तिरका दिसत असेल, तर कमी हवेमुळे टायर रिमवर सरकला आणि ट्यूबला ओढत घेऊन गेला. ट्यूबवर घडीची रेष असेल, तर जुनी, वापरून ताणलेली ट्यूब नव्या टायरमध्ये कोंबली गेली आहे. नव्या टायरसोबत ट्यूब आणि फ्लॅपही नवीनच घालावेत, हे टायर कंपन्यांचे सांगणे विक्री वाढवण्यासाठी आहे असे अनेक मालकांना वाटते. पण घडीवर फाटलेली ट्यूब त्याची साक्ष देते.

ट्यूबलेस टायरांचे प्रमाण नव्या मोटारींत वाढत आहे. त्यांत ट्यूब आणि फ्लॅप नाहीत, म्हणून त्यांच्या भानगडीही नाहीत. तिथे गळती टायरची कड आणि रिम यांच्यामधल्या गंजातून, व्हॉल्व्हच्या रबरी बूचातून किंवा रिमच्या सूक्ष्म तड्यातून होते. अख्खे चाक पाण्यात बुडवणे हाच खात्रीचा मार्ग. नायट्रोजन भरल्याने गळती थांबते हा समज मात्र सोडलेला बरा. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि उघड्या फटीतून दोन्ही सारखेच निसटतात.

बेजोड जोडी

'स्टेपनी' हा शब्द वेल्समधील लानेथ्ली गावच्या एका रस्त्यावरून आला. तिथे १९०४ च्या सुमारास जादा चाक तयार करणारी कंपनी सुरू झाली होती. शब्द तिकडे विस्मरणात गेला, आपल्याकडे टिकला. आणि आपल्याकडच्या जोडचाकांचे बरेच दुखणे या स्टेपनीतूनच सुरू होते. बाहेरचा टायर फुटतो, चालक स्टेपनी चढवतो. ती नवी असते, आतला टायर झिजलेला. किंवा एक रिट्रेड केलेला, दुसरा मूळ. एक रेडियल, दुसरा नायलॉन. चाके एकाच हबवर घट्ट बसलेली असल्याने दोन्ही टायरांना सारखेच फेरे घ्यावे लागतात. व्यासात सहा मिलिमीटरांचा फरक असला तर परिघात सुमारे एकोणीस मिलिमीटरांचा पडतो. एका किलोमीटरमध्ये असा टायर तीनशेच्या आसपास फेरे घेतो. म्हणजे दर किलोमीटरमागे लहान टायर रस्त्यावर पावणेसहा मीटर फरफटतो, आणि मोठा टायर त्या सर्व काळ अधिक भार वाहतो. बारा मिलिमीटरांचा फरक असेल तर फरफट दुप्पट. म्हणून सहा मिलिमीटरांपलीकडे फरक जाऊ देऊ नये, असा सर्वसाधारण दंडक आहे.

भाराखाली आस किंचित वाकतो आणि रस्ताही मध्ये उंच, कडेला उतरता असतो. या दोन्हींमुळे आतल्या टायरवर जास्त भार येतो. तेव्हा फरक टाळता येत नसेल तर लहान टायर आत आणि मोठा बाहेर बसवावा. झिजलेला टायर बाहेर ठेवला तर मालकाच्या, आणि मोटार वाहन निरीक्षकाच्याही, नजरेत भरतो. दोन्ही टायरांच्या फुगलेल्या बगला एकमेकींना टेकत असतील तर मापाचा किंवा रिमचा घोळ आहे. त्यांच्या घर्षणाची उष्णता ट्यूबपर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही.

ब्रेकची धग

औट्रम घाटासारख्या उतारावर गिअरऐवजी ब्रेकवर मोटार उतरवली, की ड्रम तापतो. ती उष्णता रिममध्ये आणि रिममधून फ्लॅपमध्ये जाते. आतला टायर ड्रमच्या अगदी लगत असल्याने त्याचा फ्लॅप आधी कडक होतो, मग त्याला चिरा पडतात आणि शेवटी ट्यूब त्याला चिकटून फाटते. त्यामुळे दर वेळी एकाच बाजूचा आतला टायर जात असेल, तर टायरच्या दुकानाऐवजी ब्रेकच्या कारागिराकडे जाणे शहाणपणाचे. ब्रेक सोडल्यावर लायनर ड्रमपासून पूर्ण सुटतो का, ॲडजस्टर चारही चाकांना सारखा आहे का, बेअरिंगमधले ग्रीस वितळून बाहेर आले आहे का, या तीन गोष्टी पाहिल्या की पुष्कळदा टायरला हातही लावावा लागत नाही.

जिवावरचे काम

मालमोटारीचे जुन्या घडणीचे रिम अनेक भागांचे असते. त्यात टायरला जागेवर धरून ठेवणारी एक पोलादी लॉक रिंग असते. ती गंजलेली, वाकलेली किंवा खाचेत अर्धवट बसलेली असताना हवा भरली, तर शंभर पौंडांच्या दाबाने ती तोफगोळ्यासारखी उडते. कमी हवेवर बराच वेळ धावलेल्या रेडियल टायरचा धोका वेगळा आहे. त्याच्या बगलेतल्या पोलादी तारा वाकून वाकून थकलेल्या असतात, बाहेरून टायर धड दिसतो आणि पुन्हा हवा भरताना बगल चेन उघडावी तशी एका रेषेत फाटते. 'हवा कमी आहे, भरून द्या' या साध्या मागणीमागे हा धोका असतो आणि तो चालकाच्या नव्हे, तर वाकून हवा भरणाऱ्या कारागिराच्या वाट्याला येतो.

अमेरिकेत बहुभागी रिमांसाठी १९८० मध्ये स्वतंत्र सुरक्षा नियम झाले. पिंजऱ्यात ठेवल्याशिवाय हवा न भरणे, नळीचे तोंड व्हॉल्व्हला अडकवून कारागिराने दूर उभे राहणे, आणि कमी हवेवर धावलेल्या टायरचे चाक आसावरून काढण्यापूर्वी व्हॉल्व्हची पिन काढून त्यातली सर्व हवा सोडणे हा त्यांचा गाभा आहे. जोडीपैकी एक बसला असेल तर दुसऱ्याचीही हवा आधी सोडलेली बरी, कारण तडा गेलेले रिम बहुधा शेजारच्या चाकाच्या आधारानेच टिकलेले असते; नट सैल झाले की तो आधार जातो. आपल्या महामार्गांलगतच्या दुकानांत पिंजरा क्वचितच दिसतो. चाकाला साखळी गुंडाळणे किंवा छिद्रांतून पहार घालणे हा त्याचा तोकडा पर्याय आहे. निदान रिंगची बाजू जमिनीकडे वळवून ठेवणे, गंजलेली रिंग हातोड्याने ठोकून बसवण्याऐवजी बदलणे, आणि हवा भरताना हातोडीने रिंग न ठोकणे एवढे कोणत्याही दुकानाला जमण्यासारखे आहे. बसलेल्या अवस्थेत धावलेला टायर आतून तपासल्याशिवाय त्यात हवा भरायला कारागिराने नकार दिला, तर ग्राहकाने वाद घालू नये.

दुरुस्तीनंतर चाक परत चढवताना तबकड्यांच्या मधला गंज आणि माती खरवडून काढावी लागते. ती राहिली तर नट घट्ट वाटतात, पण थोडे धावल्यावर सैल पडतात आणि चाकाच्या हालचालीने व्हॉल्व्हची नळी पुन्हा घासू लागते. नट पन्नास ते शंभर किलोमीटरांनंतर पुन्हा आवळायचे असतात. संभाजीनगरहून चाक बसवून निघालेल्या मोटारीसाठी ही जागा वेरूळच्या पुढे, कन्नडच्या आसपास, म्हणजे घाटाचा उतार सुरू होण्याच्या आधीच येते.